सहाशे सेंटीमीटर

दुपारचे दोन. पारोळ्याच्या स्टँडवर कुत्रंही नव्हतं
तेव्हा दोघं दवाखान्यात आले.
फाईल खताच्या पिशवीत गुंडाळलेली, वर ठसठशीत अक्षरं:
हवालदार झुलाल नथ्थू भदाणे, तोफखाना, सतरा वर्षं.
बायकोने कागद पुढे केला,
"हाई काय लिखेल शे, यास्ले सांगा."

मी कूलर बंद केला. सवय.
त्याला काय फरक पडणार होता.

वाक्य मला पाठ होतं:
सदर व्याधी सैनिकी सेवेमुळे उद्भवलेली नाही
आणि सेवेमुळे बळावलेलीही नाही.
खालची सही माझी नव्हती. दोनदा पाहिली.
पण बावीस वर्षं गणवेशात, त्यातली सहा वैद्यकीय मंडळावर,
पेन नुसतं टेकवलं तरी हे वाक्य आपोआप उतरायचं.
जेवणाआधी तीस फायली.
गुडघे, साखर, रक्तदाब, मन.
मन आम्ही लवकर उरकायचो.

कानांची चाचणी सोपी.
जवानाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं,
सहाशे सेंटीमीटर मागे जायचं
आणि कुजबुजायचं.
मी आकडे कुजबुजायचो. सत्तावीस. त्रेसष्ट.
जो परत म्हणेल त्याचा कान शाबूत.
जो म्हणणार नाही त्याला विचारायचं, हे कुठे सुरू झालं?
देवळाली, असं उत्तर आलं की आम्ही सुटलो.
देवळाली म्हणजे शांतता क्षेत्र.
रोज सकाळी तिथे तोफा चालत,
मेसमधल्या बशा कपाटात सरकत,
तरी कागदावर शांतता.
शांततेत बहिरा झालेल्याला पेन्शन कशाची?

टक्के: पंधरा ते एकोणीस.
विसाला दार उघडतं, हे ठाऊक होतं.
हात एकोणीसवर थांबायला शिकला होता.

भरतीचा कागदही फाईलीत होता, पिवळा, तळाशी.
धुळे, वय अठरा, दोन्ही कान उत्तम.
तळापर्यंत मी तेव्हा जात नसे.

तर हे वाक्य आता मला ओरडावं लागलं.
"उद्भवलेली नाही!"
तो कानामागे हात धरून हसला.
"सेवेमुळे! नाही!"
समोरच्या गिरणीवाल्याने पट्टा थांबवला.
सुट्टीतली दोन पोरं दारात येऊन उभी राहिली.
"बळावलेलीही! नाही!"
इतक्या मोठ्याने ते मी कधी ऐकलंच नव्हतं.
मंडळाच्या खोलीत ते नुसतं सुकायचं.
तिसऱ्या वेळी माझा आवाज फाटला.

बायको म्हणाली,
"मी नऊ वरीसपाईन अशीच बोलस.
यास्ना कान गयात, नि मना गळा."
गळ्याचे किती टक्के, तिने विचारलं नाही.

झुलाल बोलला, बहिऱ्याच्या मापाने, गल्लीभर:
"साहेब, पयला गोळा चालना ना, तवय कान वाजना.
आझून वाजी ऱ्हायना!"

मग काय करावं ते न सुचून मी चाचणी घेतली.
त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं,
केळीच्या रोपांच्या कॅलेंडरसमोर.
दवाखाना जेमतेम चार मीटर,
म्हणून ओटा उतरून उन्हात गेलो, पावलं मोजत,
डांबर चपलेला चिकटेपर्यंत.
सहाशे.

आकडा एकही आठवेना.
कुजबुजलो,
चूक आमची होती.

तो कॅलेंडरवरच्या घडाकडे पाहत राहिला.
पाठ ताठ, टाचा जुळलेल्या,
हुकमाची वाट बघत.

मान वळवली ती बायकोने.
माझ्याकडे जरा वेळ पाहिलं,
टेबलावरचा कागद पालथा केला,
कोरी बाजू तळव्याने सपाट केली.

"ते कागदवर लिखी द्या," म्हणाली.